एकच चाकी ठेवायची तर कोणती?

मित्रांनो, मी एक जुनी रेसची सायकल आहे, आणि स्वभावाने फार भित्री आहे हे आधीच सांगून टाकते. रस्त्यात काच चमकली की मला टायर फुटल्याचा आवाज आधीच ऐकू येतो. कुणी हातोडी घेऊन जवळून गेलं, तरी आता आपली पाळी आली असं वाटतं.

एका लहानशा कारखान्यात बारीक पोलादी नळ्या जोडून माझा सांगाडा तयार झाला. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळवलं. मागच्या चाकाला लहान-मोठ्या दातेरी चाक्यांची उतरंड बसवली. चाकी मोठी असेल तर पायडल हलकं जातं आणि लहान असेल तर जड, पण लहान चाकीवर वेग मिळतो. चेन या चाकीवरून त्या चाकीवर न्यायला तिरक्या नळीवर एक छोटी दांडी होती. ती फिरवायची तर एक हात हँडलवरून काढावा लागे.

चष्म्याची भिंगं घासणाऱ्या एका तरुणाने मला घेतलं. आता घरात त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांचं घर एका चढाच्या वरच्या टोकाला आहे. कामावरून येताना हा चढ चढूनच यावं लागे. बाबांची ऐट काय विचारता! मित्रांना सांगत, "हा चढ मी सगळ्यात लहान चाकीवर चढतो. गिअर बदलायचे ते म्हाताऱ्यांनी!" ऐकणारे तोंडात बोटं घालत आणि माझ्याही सीटवर थाप मारत. पण खरी गोष्ट मला ठाऊक होती. कोपऱ्यावरची लाँड्री मागे पडली की बाबा इकडेतिकडे बघत, हळूच दांडी ओढत आणि चेन मोठ्या चाकीवर घेत. दाराशी आले की पुन्हा लहान चाकीवर. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मग बरीच वर्षं गेली आणि बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. ते त्यातून उठले, पण उजवा पाय ओढत चालू लागले. उजव्या मुठीत ब्रेक दाबता येई, पण चिमटीत दांडी काही धरता येईना. एकदा प्रयत्न करताना ते थेट फाटकावर गेले. त्यानंतर माझी रवानगी जिन्याखाली झाली. टायर बसले. हँडलवर छत्र्या आणि पिशव्या लटकू लागल्या. बाबा येताजाता माझ्याकडे बघत आणि पुढे जात, याचं मला फार वाईट वाटे.

त्यांची लेक कपडे बेतायचं काम करते. एका सुट्टीच्या दिवशी तिने मला बाहेर काढलं. "बाबा, गिअरच काढून टाकू. एकच चाकी ठेवते. दोन्ही हात हँडलवर राहतील."

आई दारातून म्हणाल्या, "करा काय ते. पण अहो, एकदा जरी पडलात ना, तर ही त्याच दिवशी भंगारात जाईल. आणि परत सायकलचं नाव काढायचं नाही."

भंगार हा शब्द ऐकून माझी तर पाचावर धारण बसली.

लेकीने जुन्या चादरीवर मला उलटी ठेवली. दांडी काढली, वायर ओढून काढली, चेन ढकलणारं मागचं यंत्रही काढलं. एकेक चाकी रॉकेलने धुऊन ताटलीत ठेवली. आता पुन्हा जोडणार तरी कसं, या काळजीने मी अर्धी झाले. शेवटी तिने विचारलं, "कोणती ठेवू?"

बाबा खुर्चीत ताठ बसले. "लहान. माझी नेहमीची."

"जड नाही होणार?"

"मला शिकवतेस?"

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर मी ओरडले असते! पण माझी घंटासुद्धा माझी मला वाजवता येत नाही. लेकीने लहान चाकी बसवली. चेन सरळ रेषेत यावी म्हणून दोन्ही बाजूंना कड्या घातल्या आणि एक डोळा मिटून शिवण बघावी तशी चेन पाहिली. मग चेन बेताची कापली. उरलेला तुकडा तिने बटणांच्या डब्यात टाकला, कारण कापलेलं काही फेकायचं नाही ही तिच्या कामातली सवय.

घरापासून निघालं तर उतारच लागतो, तो नको म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चढाच्या पायथ्याशी आले. लाँड्रीवाले बाहेर येऊन उभे राहिले, शेजारीही जमले. बाबा सीटवर बसले आणि उजवा पाय दाबला. चाक हललं, अडलं, आणि मी कलले. लेकीने सीट धरली, आईंनी शर्ट धरला. बाबांचा डावा पाय कसाबसा जमिनीला टेकला. आईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि मी अजूनच घाबरले.

लेक रडवेली झाली. "माझंच चुकलं. चेन जास्त ताणली गेली वाटतं."

बाबांना नुसतं हो म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मानही डोलावली असती. पण ते हळूच सीटवरून उतरले. मग म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही गं. मी हा चढ कधीच लहान चाकीवर चढलो नाही. मोठीच लागायची मला. आता तर लागणारच."

आई शर्ट न सोडता म्हणाल्या, "मला लग्नापासून माहीत आहे. गच्चीवरून सगळा चढ दिसतो."

लाँड्रीवाले म्हणाले, "आमच्या दुकानातूनही दिसतो, साहेब." बाबा कानापर्यंत लाल झाले आणि मग तेच आधी हसले.

लेकीने ताटलीतली मोठी चाकी बसवली आणि डब्यातला तुकडा जोडून चेन लांब केली. संध्याकाळी आम्ही पायथ्यापासून पुन्हा निघालो. इतके हळू, की शेजारून चालणाऱ्या आईंना मधूनमधून थांबावं लागत होतं. प्रत्येक पायडलला माझा जीव खालीवर होत होता. पण आम्ही दाराशी पोहोचलो.

मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल द्या, तिचा गंज काढा, तिला जिन्याखाली टाकू नका. आणि घरात कुणी थकलं असेल, तर पूर्वी काय जमायचं हे विचारू नका, आज काय जमतं ते विचारा. उत्तर आलं की हसा, पण त्याच्याबरोबर हसा. बाबा त्या सकाळी खरं बोलले नसते, तर लेकीने दोष स्वतःकडे घेतला असता, मी भंगारात गेले असते, आणि ते अजून खुर्चीतच बसून असते.