तंबूची पाठ

तिला सगळे भोंगा म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. ती कुजबुजली तरी समोरच्या इमारतीतलं कुणीतरी "काय गं?" म्हणून खिडकीत यायचं. पंधरा वर्षं तिने हा आवाज चोरीच्या मालासारखा लपवला. मग समाजकेंद्रात मुलांची शिबिरं चालवायचं प्रशिक्षण सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी तिला कळलं की मैदानाच्या पार त्या टोकाच्या पोराला "बूट घाल!" सांगायचं असेल तर असा आवाज म्हणजे लॉटरी. त्या दिवशी बाईसाहेबांची मान जी वर गेली ती गेली.

"घरात स्वतःचा कप विसळत नाहीस," आई म्हणाली, "दहा पोरं काय सांभाळणार?"

"कप ऐकत नाही गं आई. पोरं ऐकतात."

आज ते दाखवायचं होतं. केंद्रामागच्या मैदानात शेवटची परीक्षा होती. आठ-नऊ वर्षांची दहा मुलं, एक तंबू, वीस मिनिटं. पास झाली तर पुढच्या आठवड्यात तळ्याकाठच्या शिबिरात तिला स्वतःची टोळी मिळणार. नापास झाली तर दोन दिवस नोंदणीच्या टेबलावर बसून टोप्या वाटायच्या. अट एकच, पण जीवघेणी: हात मागे! टोळीनायकाने काठीला, दोराला, मेखेला, कश्शाकश्शाला बोट लावायचं नाही. नुसतं बोलून तंबू उभा करायचा. बोट लावलं की खेळ खलास.

परीक्षक होते शिबिरप्रमुख सर. माणूस सरळ, इतका सरळ की वाकला तर मोडेल. टोळीनायक हसला म्हणजे टोळी हातची गेली, असं त्यांचं ठाम मत.

सुरुवात झकास झाली. दगड वेचले, कापड पसरलं, चार कोपऱ्यांना चार मेखा ठोकून झाल्या. वारा कुंपणाकडून येत होता. काठ्या उभ्या करायच्या आधी भोंग्याला नियम आठवला की तंबूचं दार वाऱ्याच्या तोंडी येता कामा नये. ती गरजली, "वाऱ्याकडे पाठ करा रे!"

दहाच्या दहा पोरांनी गर्रकन वळून वाऱ्याकडे पाठ केली. स्वतःची. अगदी गुणी बाळांसारखी, रांगेत. आणि तशाच पाठमोऱ्या उत्साहात त्यांनी काठ्या उभ्या केल्या. दार कुंपणाकडे आ वासून होतं. वारा आत घुसला, तंबू टम्म फुगला, दोन मेखा टुणकन सुटल्या आणि अख्खं कापड एका चिमुरडीच्या डोक्यावर बसलं.

"लागलं का गं?"

"नाही ताई," कापडाखालून आवाज आला. "इथं मस्त आहे."

सरांनी घड्याळ पाहिलं. "नऊ मिनिटं उरलीत. लाव हात, काढ तिला बाहेर, थांबू या इथंच. अगं, टेबलाचं कामही महत्त्वाचंच असतं."

भोंग्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पोरांचं काय चुकलं होतं? तिने 'पाठ' म्हटलं, कुणाची ते सांगितलंच नाही. तिने पाठीमागे बोटांत बोटं आणखी घट्ट अडकवली.

"नऊ मिनिटं माझी आहेत ना, सर? मग मला ती हवीत." आणि पोरांकडे वळून ती खो-खो हसली. "चुकलं माझं! पाठ तुमची नव्हे, तंबूची! आधी काठ्या आडव्या करा, मैत्रिणीला बाहेर काढा. हं. आता बघा, हा तंबू नाहीच. ही आपली आत्या. केस विंचरून लग्नाला निघालीय. तिला तोंडावर वारा चालेल?"

"नाऽऽही!"

"आत्याचं तोंड कुठंय?"

दहा बोटं दाराकडे.

"मग?"

"आत्याला फिरवायचं!"

"आधी तिच्या चपला काढा. मेखा हो, मेखा! आता एकेका कोपऱ्याला दोघं-दोघं. आत्या जड आहे, पण तिला सांगू नका."

पोरं फिदीफिदी हसत कापड उचलू लागली. "आत्या, वळ ना!" "आत्या, पोट आत घे!"

"काय तमाशा चाललाय?" सर कडाडले. "शांतता! रांगेत उभे राहा!"

पोरं जागच्या जागी थिजली. एकाने घाबरून कोपरा सोडला, कापड फडफडत वर गेलं.

"सर!" हा आवाज मात्र समोरच्या इमारतीतच काय, तिच्या मागच्या गल्लीतही गेला असणार. "टोळी आत्ता माझी आहे. मला काय ओरडायचं ते नंतर ओरडा. आत्या उडाली रे, धरा तिला!"

धरली! वाऱ्याकडची बाजू आधी ठोकली, मग दाराकडची. काठ्या उभ्या राहिल्या, दोर ताणले. शेवटची मेख आत गेली तेव्हा अर्धं मिनिट शिल्लक होतं. वारा आला, तंबूच्या पाठीवर थडकला आणि मुकाट दोन्ही बाजूंनी निघून गेला.

सरांनी तंबूभोवती चक्कर मारली. प्रत्येक दोर ओढून पाहिला, प्रत्येक मेख बुटाने रेटली. एकही हलली नाही. मग त्यांनी पाटीवरच्या कागदावर बराच वेळ लिहिलं आणि तो सहीसाठी तिच्यापुढे धरला.

'टोळी द्यावी. मात्र मुलांसमोर हसणे कमी करावे.' खाली छापलेलं होतं: सूचना मान्य. आणि सहीची रेघ.

भोंग्याने आता कुठे हात पुढे आणले. बोटांना मुंग्या आल्या होत्या. तिने पेन घेतलं आणि 'मान्य'च्या पुढे 'नाही' लिहिलं.

सरांची भुवई वर गेली. "मग टोळी?"

"ती मान्य आहे, सर."

"असं अर्धं मान्य, अर्धं अमान्य चालत नाही. तेवढी जागा तरी आहे का त्या कागदावर?"

"आहे की," ती म्हणाली, आणि सहीच्या रेघेवर, खाली, पार कडेपर्यंत लिहीत गेली, "हसल्यामुळेच आत्या वळली."