पडून राहिलेला प्रोजेक्टर

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. पण माझ्याकडून फार काम झालं असेल, असं समजू नका. मी झिजलो नाही, पडून पडून गंजलो.

साध्या फिल्मच्या दुप्पट रुंद फिल्म माझ्यातून धावायची. चित्र इतकं स्वच्छ, की पडद्यावरच्या म्हाताऱ्याच्या पापणीचा केस न् केस दिसावा. आवाज समोरून, बाजूंनी, पाठीमागून यायचा. मला आत घ्यायला थिएटरच्या थोरल्या मालकांनी केबिनची भिंत पाडली. धाकटे भाऊ म्हणाले होते, हौसेला मोल नसतं, पण थिएटरला असतं.

पहिल्या चित्रपटाला लोक लोटले. पडद्यावर घोडे उधळले तेव्हा पुढच्या रांगेने पाय वर घेतले. मला मूठभर मांस चढलं.

पण रुंद फिल्मवर चित्रपट निघायचेच किती? निर्माते म्हणत, दाखवायला थिएटरं कुठं आहेत? थिएटरवाले म्हणत, दाखवायला चित्रपट कुठं आहेत? त्यांच्या या घोळात मी महिनोन्महिने कापडाखाली उभा असायचो. शेजारचा साधा प्रोजेक्टर मात्र दिवसभर राबायचा.

माझ्यावरून भावांचा वाद विकोपाला गेला. तेव्हा थोरल्यांनी स्वेटर घातलेल्या एका पोरीचा एकच प्रसंग दोन्ही प्रोजेक्टरवर लावून आपल्या बहिणीला, आक्कांना, दाखवला.

"फरक दिसतो रे, दादा," त्या म्हणाल्या. "पण घरी गेल्यावर मला त्या पोरीचं पुढं काय झालं तेच आठवणार. तिच्या स्वेटरची वीण नाही."

थोरल्यांनी तरीही आणखी एक रुंद फिल्म मागवली. तिची रिळं अशी जड, की जिन्यावरून आणायला दोघं लागत. एका टोकाला ऑपरेटर तात्या, दुसऱ्या टोकाला स्वतः थोरले. वळणावर थोरल्यांचा हात सुटला आणि डबा तात्यांच्या गुडघ्यावर आला.

तात्या तो जिना पुन्हा कधी चढले नाहीत. थोरले त्यांना भेटून आले आणि माझ्याशेजारी उभं राहून धाकट्यांना सांगू लागले. तात्यांनी विचारलं होतं, त्या दिवशी खेळ झाला का? थोरल्यांनी सांगितलं, साध्यावर दुसराच चित्रपट लावला.

"मग तात्या म्हणाले, कुणी तिकीट परत केलं का?"

"तुम्ही काय सांगितलंत?" धाकट्यांनी विचारलं.

"कुणीच नाही, म्हणालो."

त्यानंतर थोरले केबिनमध्ये आले नाहीत. पुढे भिंती घालून एका थिएटरची तीन छोटी थिएटरं झाली. बटणावर चालणारी यंत्रं आली. माझी भिंगं काढून घेतली आणि मला जिन्याखालच्या ओलसर खोलीत ढकललं. तिथंच रुंद फिल्मचे डबेही होते. एकदा थोरले काठी टेकत आले आणि त्यांनी एक डबा उघडला. आंबूस वास सुटला. फिल्म आक्रसली होती, रंग उडून नुसता लालसर डाग उरला होता. त्यांनी झाकण लावलं, बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले आणि निघून गेले.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असं मी विनवणार नाही. लोकांना फरक दिसत नव्हता, असंही म्हणणार नाही. दिसत होता, पण त्याच्यावाचून त्यांचं अडत नव्हतं. तुम्हाला एखादी गोष्ट खरोखर चांगली वाटली, तर ती चालू आहे तोवर तिच्याकडे पुन्हा जा. नुसत्या कौतुकावर ती तगत नाही.

आणि कुणाकडे एखादी कोरडी खोली असेल तर बघा. सगळेच डबे अजून नासलेले नाहीत.