काजबाईचा ठोका

"थांबा, थांबा! गाणं बंद करा!"

सुपरवायझर खुर्चीतून उठून पुढे आला. शर्टांच्या कारखान्यातली शिलाईची टेबलं भिंतीला सरकवून तालमीसाठी जागा केली होती. त्या जागेत काजबाई दम खात उभी होती. बावीस वर्षं काजांच्या मशीनवर काढल्यामुळे तिचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुठे उरलंच नव्हतं.

"काय चुकलं का, साहेब?"

"चुकलं कुठे? तेच तर!" तो हसला. "अगदी बरोबर नाचताय हो तुम्ही. पण लोकांना हसायचंय ना. गेल्या वर्षीसारखं करा. जरा धडपडा, उलट्या बाजूला वळा."

काजबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गेल्या वर्षी वार्षिक कार्यक्रमात पोरींना एक बाई कमी पडत होती, म्हणून हिला हिपहॉपच्या रांगेत उभं केलं. दोन दिवसांत माणूस शिकणार तरी काय? सगळ्या डावीकडे गेल्या, ही उजवीकडे गेली, आणि पायात पाय अडकून तिने भर स्टेजवर बसकण मारली. हॉल हसून हसून लोटपोट झाला. कटिंग मास्तरने त्याचा व्हिडिओ काढला आणि वर्षभर ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवला. वर म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं!" मेल्याला एवढंही कळत नव्हतं, की तिने अंगणाला एका शब्दाने नावं ठेवली नव्हती.

यंदा सुपरवायझरने तिला एकटीला गाणं दिलं, तेव्हा तिला वाटलं, चला, झालेलं हसं पुसून टाकू. सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये ती दर रविवारी क्लासला जाऊ लागली. नवरा म्हणाला, "गुडघे गेले तर तेल मी चोळणार नाही." शिकवणारी मुलगी तिच्या लेकीहून लहान, पण जिभेने तिखट.

"मावशी, ठोक्याला वर काय उडताय? खाली दबायचं! गुडघे सैल, खांदे सैल. पाच, सहा, सात, आठ!"

तीन रविवार ती वरच उडत राहिली. चौथ्या रविवारी उमगलं, पॅडल दाबलं की सुई खाली जाते, तसा ठोका खाली घ्यायचा. उजवा पाय लगेच शहाणा झाला. डाव्याने मात्र बावीस वर्षं नुसतं बसून खाल्लं होतं. त्याला जेवणाच्या सुट्टीत टेबलाखाली शिकवावं लागलं. दोन महिन्यांनी मुलगी म्हणाली, "आता जमलं बघा." त्या दिवशी काजबाई बस सोडून पायी घरी गेली, सारा रस्ता आठ-आठ मोजत.

आणि हा बाबा म्हणतो, धडपडा!

"साहेब," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी धडपडायचं सोंग केलं नव्हतं. मी नाचत होते."

मागे कुणीतरी खुसखुसलं. सुपरवायझर मान खाजवत म्हणाला, "बरं, बघू." त्याच्या बघूचा अर्थ दुसऱ्या दिवशी फळ्यावर कळला. कार्यक्रमांच्या यादीत तिच्या गाण्यापुढे कटिंग मास्तरचं नाव होतं.

कार्यक्रमाला जाऊ नये, असं तिने दहादा ठरवलं. मग क्लासचे बूट घातले आणि गेली. मी का तोंड लपवू?

मास्तर तिच्यासारखा एप्रन बांधून, गळ्यात दोरीचा चष्मा अडकवून आला. उजवीकडे गेला, पाय अडकवला, धपकन बसला. हॉल खो-खो हसत सुटला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या काजबाईला वाटलं, यांचं एकेक तोंड काजाच्या मशीनखाली धरून शिवून टाकावं.

शेजारी कॉलर लावणारी बाई बसली होती. तीही हसता हसता काजबाईच्या खांद्यावर रेलली, आणि एकदम गप्प झाली. खांदा हलत होता. रडतेय वाटतं, म्हणून तिने ओशाळून काजबाईच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे कोरडे ठणठणीत होते. मग तिने खाली पाहिलं.

खुर्चीखाली दोन्ही बूट ठोक्याला दबत होते, डावासुद्धा. मास्तर तिसऱ्यांदा पडला, हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला, तरी गाणं संपेपर्यंत त्या बुटांचा एकही ठोका चुकला नाही.