लिटरला नऊ

कुंडलिकनानांनी चपला काढून सीटमागे सारल्या आणि अनवाणी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला. शेजारी बसलेल्या इंजिनियर वनमालाबाईंनी डॅशबोर्डला बांधलेल्या काचेच्या बाटलीची तोटी उघडली. बाटलीत बरोबर एक लिटर पेट्रोल. ते संपून इंजिन बंद पडेपर्यंत जीप किती किलोमीटर जाते ते लिहायचं, एवढीच ही चाचणी.

बोरिवलीहून जीप घोडबंदरच्या दिशेनं निघाली. शहाऐंशी सालचा एप्रिल, डांबर आत्ताच चिकट झालेलं. कंपनीच्या या नव्या जीपला एक जादा लिव्हर होता. तो टाकला की चारही चाकं जोर लावत, काढला की फक्त मागची दोन. चारांवर ती कसल्याही चिखलातून निघे, पण पेट्रोल ढोसे. दोनांवर लिटरला अकरा, चारांवर नऊ, हे अख्ख्या वर्कशॉपला पाठ होतं.

आज लिव्हर दोनांवर होता. तरी इंजिन नवव्या किलोमीटरलाच गचके देत थांबलं. आठवड्यातली ही तिसरी वेळ.

"बघा मॅडम," नाना म्हणाले, "लिव्हर पूर्ण सुटतच नाय. पुढची चाकं पण ओढतायत. लवूनं बसवलाय ना? वाट लावली त्यानं."

लवू हा मालवणकडचा फिटर, दोन मुलांचा बाप, कायम व्हायला महिना उरलेला. अहवाल संध्याकाळी जायचा होता. त्यात त्याचं काम सदोष ठरलं तर तो घरी बसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

नानांच्या पायावर शंका घेणार कोण? वीस वर्षं कंपनीच्या गाड्यांचे आकडे त्याच पायानं ठरवले होते. बुटात पेडल कळत नाही म्हणत ते साहेबांनाही अनवाणी चालवायला लावत. ते चालवत असले की स्पीडच्या काट्याकडे कोणी बघत नसे. चाचणीला लागतो तसा तो पन्नासवर असणारच. वनमालाबाईसुद्धा बाटलीकडेच बघत बसायच्या. चूकच ती, पण सगळ्यांनी मिळून केलेली.

बाईंनी रजिस्टर उघडलं, नऊचा आकडा टाकला, कारणापुढे 'लिव्हर' एवढंच लिहिलं आणि थांबल्या. लवूच्या पोटावर पाय द्यायला मन घेईना.

"जॅक लावते, नाना. चाक फिरवून बघू."

"कशाला उन्हात? मी सांगतोय ना."

"तुम्ही बसा हो. गाडी फक्त गिअरमध्ये ठेवा."

पुढचं चाक अधांतरी झालं. लिव्हर अडकला असता तर ते हातानं हललंच नसतं. बाईंनी एका बोटानं ढकललं आणि ते निवांत गरगरलं. लवूचं काम चोख होतं.

उठता उठता त्यांची नजर आत गेली. जीपला दारं नव्हती. पेडलखालचा पत्रा सायलेन्सरच्या धगीनं तापायचा, तिथून कोणीही टाच चटकन उचलली असती. नानांची टाच तिथंच टेकलेली होती. फोड येऊन फुटला होता, पत्र्यावर ओल दिसत होती.

"नाना, पाय!"

"कुठला?"

त्यांनी वाकून पाहिलं. टाच हातात घेतली, अंगठ्यानं दाबली. चेहऱ्यावर आठीसुद्धा आली नाही.

"डॉक्टर बोललेला," ते हळूच म्हणाले, "साखरेनं पाय बधिर होतात. मला वाटलं, आवाजावरनं कळंल पेडल किती दाबलंय ते. पण जास्तच दाबत गेलो, पेट्रोल त्यातच उडालं."

बाईंनी थर्मासमधलं पाणी टाचेवर ओतलं. त्यांना राग आला होता आणि रागाहून जास्त वाईट वाटत होतं.

"लवूची नोकरी गेली असती, नाना."

"म्हायताय मला. तोंडातून त्याचं नाव गेलं तेव्हापण म्हायत होतं."

नाना उतरले. भाजलेल्या पायानं जराही न लंगडता, जीपला वळसा घालून पलीकडच्या सीटवर येऊन बसले.

"मॅडम, पुन्हा एक लिटर भरा. आता तुम्ही चालवा, काटा मी बघतो."

"आणि हे नऊ? खोडून टाकू?"

"खोडू नका. समोर लिहा, दोष चालकाचा."

बाईंचं पेन हलेना. तेव्हा नानांनी रजिस्टर मांडीवर ओढून घेतलं, 'लिव्हर' या शब्दावर रेघ मारली आणि बाजूला स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.