एकटे रंगीत शेठ

थेरगावात डांगे चौकाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात कुलदीप डिझाइन करायचा. हे 'करायचा' आज संध्याकाळपर्यंत टिकेल का, याची त्याला खात्री नव्हती.

चूक कलेपोटी झाली होती. यूट्यूबवर त्याने पाहिलं होतं: अख्खा फोटो कृष्णधवल, मधला एकच माणूस रंगीत. नजर हटत नाही. चऱ्होलीच्या ओंकारशेठना वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळ्यांची नजर फक्त आपल्यावर हवी होती. निवडणूक तोंडावर आलेली, शेठ उभे राहणार होते. कुलदीपने शेठ रंगीत ठेवले आणि मागची भावकीतली नऊ माणसं कृष्णधवल करून टाकली.

आपल्याकडे फ्लेक्सवर कृष्णधवल कोण असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुलदीपलाही होतं. फक्त त्या घटकेला तो कलावंत होता.

फ्लेक्स लागला आणि सकाळी आठच्या आत ओंकारच्या चुलत्यांच्या, मालोजीतात्यांच्या दारात तीस माणसं पडेल चेहऱ्याने उतरली. दार तात्यांनीच उघडलं.

आता तात्या कुलदीपच्या खुर्चीमागे बसले होते. भावकीची मतं त्यांच्या शब्दावर पडत. शेजारी ओंकार उभा. दुकानाचे मालक चहा सांगायला गेले ते गेलेच.

"तात्या, ह्याचे हात मोडतो," ओंकार म्हणाला.

"मोड. पर आधी काम करू दे, हात लागत्याल." तात्यांनी काठी स्क्रीनला टेकवली. "मला रंग दे. मग ह्या भैरूला. त्यो खंडू."

कुलदीप एकेकाला जिवंत करत गेला. नऊ झाले. काठी सरकत ओंकारच्या चेहऱ्यावर थांबली.

"आता ह्याचा काढ."

कुलदीपचं बोट माऊसवर होतं. ते दाबवेना, उचलवेना. मानेवर एकाचा श्वास लागत होता, कानाशी दुसऱ्याचा.

"तात्या, वाढदिवस माझा हाय."

"मग? तेरावं माझं व्हतं व्हय?"

ओंकारने कपाळ पुसलं. मग कुलदीपकडे न बघता म्हणाला, "काढ."

चेहरा राखाडी झाला. गळ्यातली साखळीही.

"निदान टिळा तरी ऱ्हाऊ द्या, तात्या."

जमिनीचा व्यवहार असावा तसे तात्या विचारात पडले.

"टिळा ठेव. साखळी न्हाई. आन ह्या पोराला हात लावायचा न्हाई. पुढल्या वाढदिवसाचा फ्लेक्सबी ह्योच करंल."

"व्हय," ओंकार म्हणाला.

कुलदीपने शेठचं कपाळ मोठं केलं आणि कडेकडेने, जरासुद्धा बाहेर न जाऊ देता, टिळा लाल करायला घेतला.