तिबोचं कुलूप

एलॉयने आधी भावाच्या, तिबोच्या कुलपात तेलाचे दोन थेंब सोडले, मग स्वतःच्या. फाटकाच्या साखळीत पाच कुलपं होती, एकात एक अडकवलेली; कुठलंही एक उघडलं की साखळी सुटायची. ज्याने त्याने आपलं उघडायचं, आत जायचं आणि मागे नीट लावायचं. एक विजेवाल्यांचं, एक विहीर बघणाऱ्याचं, मग तिबोचं, त्याला लागून एलॉयचं आणि शेवटचं मालकाचं. पलीकडे नऊ मैल नुसतं खुरटं गवत, आणि त्याच्या टोकाला सपाट माथ्याचा तो लाल डोंगर, मेसा.

मागे गाडी थांबली. मार्सेला उतरली. नव्या मालकाची सगळी जमीन तीच सांभाळायची. तिच्या हातात कुलूप तोडायची लांब दांड्यांची कातर होती.

"काका, मालकाचं पत्र मिळालं ना? एका घराचं एकच कुलूप."

"दोन कुलपांनी काय त्याची गुरं पळतात?"

"ते मला नका सांगू. मी हुकमाची ताबेदार." तिने तिबोचं कुलूप बोटाने उचललं. "हे कधी कुणी उघडलंय तरी का?"

"येतो तो."

"मी परकरी पोर होते तेव्हापासून येतोच आहे तो."

मार्सेलाने कातर फाटकाला टेकवली.

"जाऊन या वर. तोवर मी कुंपण बघते. आल्यावर उरकू."

वडील गेल्यावर जमीन विकली ती एलॉयने. धाकट्या तिबोला धड विचारलंही नव्हतं. कागद पुढे सरकवला आणि सही कर म्हणाला. दोघा भावांना मेसावर जाता येईल, एवढं मात्र त्याने कागदात घालून घेतलं होतं. "आपल्याच डोंगरावर मी किल्ली घेऊन जाऊ?" असं म्हणून तिबो जो निघून गेला, तो कॅलिफोर्नियात कुठेतरी आहे एवढंच कळलं. पत्रं परत आली. पुढे पुढे पाठवायला पत्ताही उरला नाही. पण जाताना टेबलावरची त्याच्या कुलपाची किल्ली त्याने उचलली होती. एकतीस वर्षं एलॉय तेवढ्यावर तग धरून होता.

पायथ्याशी गाडी लावून पायवाट चढताना या वर्षी तो चारदा बसला. माथ्यावर मेंढ्यांचा दगडी वाडा अजून उभा होता, एका बाजूने ढासळलेला. खडकातल्या खळग्यात पावसाचं हिरवट पाणी होतं. लहानपणी उन्हाळाभर दोघे भाऊ इथेच मेंढ्यांमागे असायचे, आणि तिबो त्या पाण्यात पाय बुडवून बसायचा म्हणून एलॉय त्याला बदडायचा. सावलीला बसून त्याने मिरचीची चटणी लावलेली पोळी काढली, दोन घास खाल्ले आणि बाकीची तशीच गुंडाळून ठेवली.

मग तो कड्यापाशी गेला आणि त्याने तिबोला हाक मारली. म्हाताऱ्या माणसाने असं करू नये हे त्याला कळत होतं. पण ऐकायला होतं कोण? मेसावरून हाक परत येत नाही. समोर तिला आदळायला काहीच नसतं. फार एकटं वाटलं त्याला.

उतरताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. तिबो कधीतरी आलाच, किल्ली हातात घेऊन फाटकाशी उभा राहिला आणि साखळीत त्याचं कुलूपच नसलं, तर तो काय समजेल? भावाने याही वेळी आपल्याला न विचारता उरकलं, हेच.

मार्सेला फाटकाशी वाट पाहत होती. एलॉयने गाडी बाहेर काढली, खाली उतरून फाटक ओढून घेतलं आणि साखळीतून आपलं कुलूप काढून किल्लीसकट तिच्या हातावर ठेवलं.

"तुझं आता तिबोच्या कुलपात अडकव."

ती कुलपाकडे बघत राहिली.

"काका, हे तर तुमचं."

"एका घराचं एक. झालं ना?"

"मग त्याची किल्ली आहे तुमच्याकडे?"

"तिबोकडे आहे."

"फोन करा, मी येऊन उघडेन. कोणाला सांगू नका म्हणजे झालं."

"नको. तुझी नोकरी जायची."

मार्सेलाने मालकाचं कुलूप उघडून तिबोच्या कुलपात अडकवलं. पुन्हा दाबून लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. कातर तिने न वापरताच गाडीत टाकली.

"आणि तुम्ही? पुढच्या वर्षी काय कराल?"

एलॉयने खिशातून तेलाची कुपी काढली, हलवून बघितली. अर्धीअधिक भरलेली होती.

"तेल बाहेरूनही घालता येतं," तो म्हणाला.