पिठाच्या कॅप्सूल

धाकट्या दिराचा फायदा उघड होता. डब्यामागे कमिशन, वर लोक 'डॉक्टरसाहेब' म्हणत. पूर्वी पंखे विकायचा. आता पेशींना ऊर्जा देणाऱ्या, म्हातारपण लांबवणाऱ्या कॅप्सूल विकत होता. पुरावा म्हणून तुरुतुरु पळणाऱ्या उंदरांचा व्हिडिओ दाखवी. माणसांचं काय, असं कुणी विचारलंच तर खाटेवरून उठून हिंडू लागलेल्या आईकडे बोट करी.

थोरल्या भावाला त्यानेच सांगितलं होतं, "दादा, ब्लडप्रेशरच्या गोळ्या सोड. हे मुळावरच काम करतं." दादाने सोडल्या आणि दोन महिन्यांत मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. भेटायला आलेल्यांना दीर सांगत होता, दादाने कॅप्सूल सुरूच उशिरा केल्या.

वहिनीने ते गिळलं, पचवलं नाही. ती शिवणकाम करायची, बोटं हलकी. दीर आणि सासूबाई एकाच डब्यातल्या कॅप्सूल घेत. दुपारी घर निजलं की ती एकेक उघडी, भुकटी मोरीत ओती, पीठ भरी आणि टोपण बसवी. ते पीठ खाऊन दीर जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढू लागला, तशी तिला जेवणात चव येऊ लागली.

मग त्याने गिऱ्हाइकं घरी बोलावली. सासूबाई कुणाचा आधार न घेता पाण्याचा ट्रे घेऊन आल्या, टाळ्या पडल्या. गेलेल्याच्या बायकोनेच चांगलं म्हटलं की लोकांची तोंडं बंद, या हिशेबाने दिराने वहिनीला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"सांगते की," ती शांतपणे म्हणाली. "भाऊजी तीन महिने पीठ खातायत. मीच भरते." तिने एक कॅप्सूल टेबलावर उघडली. एका बाईने बोटाने चाखलं आणि पर्स उचलली. पाठोपाठ सगळे उठले. दिराचा पांढराफटक चेहरा वहिनीने डोळे भरून पाहिला.

पुढच्या महिन्यात तो पाण्याचे फिल्टर विकू लागला. तेही बरे खपत.

सासूबाई मात्र त्या दिवशी खाटेवर बसल्या, त्या आपल्या आपण उठल्याच नाहीत. डॉक्टरांना नवीन दुखणं सापडलं नाही. वहिनीच त्यांना धरून न्हाणीघरात नेई. एकदा दाराशी थांबून त्या म्हणाल्या, "त्याची जिरवलीस, बरं केलंस. माझाही मुलगाच गेला होता. पण मला कशाला ऐकवलंस गं?"

म्हातारीचा सगळा भार वहिनीच्या खांद्यावर होता. पुढचं पाऊल पडेपर्यंत ती तशीच उभी राहिली.